संस्थेला दान आलेली जुनी शिडाची बोट विकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मेरीलँडमध्ये एच-१बी व्हिसावर आहात, दोन हंगाम क्लबमध्ये शीड चालवायला शिकलात, आणि एका धर्मादाय संस्थेकडे दान आलेली १९८४ ची कॅटलिना ३० (तीस फुटी शिडाची बोट) साडेचार हजार डॉलरला मिळतेय. जाहिरातीत 'मूल्यांकन १६,०००' असं लिहिलंय. घ्यावी का, आणि आधी काय बघावं?

घेता येईल. पण आधी तो सोळा हजारांचा आकडा डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत २००५ पासून नियम असा आहे की दान आलेली बोट किंवा गाडी संस्थेने नुसती विकून टाकली, तर ५०० डॉलरच्या वरच्या दाव्यात दात्याला करसवलत विक्रीतून आलेल्या रकमेइतकीच मिळते. संस्थेने ती स्वतः वापरली किंवा तिच्यात मोठी सुधारणा केली, तरच गोष्ट वेगळी. म्हणजे साडेचार हजाराला विकली जाणारी बोट करखात्याच्या लेखीही साडेचार हजाराचीच. तुम्हालाही सवलत मिळणार नाही, कारण तुम्ही दान देत नाही, बाजारभावाने वस्तू घेताय.

अशी बोट स्वस्त असण्याचं कारण दयाबुद्धी नाही. संस्थेला दर महिन्याला धक्क्याचं भाडं भरावं लागतं, म्हणून तिला बोट लवकर हलवायची असते. दान करणारे साधारण दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणजे वय झालेला मालक किंवा त्याचे वारस, ज्यांना विक्रीची दगदग नको असते. त्यांची बोट बरेचदा जिवापाड जपलेली असते. दुसरे म्हणजे दोन वर्षं गिऱ्हाईक न मिळालेले. बोट कोणत्या घरची आहे हे कप्प्यांत कळतं. चार्ट टेबलाच्या (नकाशे ठेवायच्या मेजाच्या) खणात तेल बदलल्याच्या तारखांची वही, यार्डाच्या (बोटदुरुस्तीच्या कारखान्याच्या) पावत्या, इम्पेलरचा (पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाचा) सुटा डबा सापडला तर आशा धरा. खण रिकामा आणि बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) काळं पाणी असेल तर सावध व्हा. दात्याला भेटता येत नाही, पण संस्थेमार्फत चार प्रश्न लेखी पाठवता येतात: शेवटची कधी चालवली, शिडं कुठे आहेत (ती पुष्कळदा दात्याच्या गॅरेजमध्येच राहतात), डोलकाठीला धरणाऱ्या तारा कधी बदलल्या, आणि गेल्या हिवाळ्यात इंजिनातलं पाणी कोणी काढलं.

हा शेवटचा प्रश्न चेसापीकच्या (मेरीलँडमधल्या मोठ्या खाडीच्या) भागात सगळ्यात महत्त्वाचा. इथे पाणी गोठतं. बोट दान करायची ठरल्यावर विंटरायझेशनचा (थंडीआधी इंजिन आणि नळ्यांतलं पाणी काढण्याचा) खर्च सगळ्यात आधी टळतो. मग समुद्राच्या पाण्याची गाळणी, गोड्या पाण्याचा पंप, गरम पाण्याची टाकी आणि कधीकधी हीट एक्स्चेंजर (इंजिन थंड ठेवणारा भाग) तडकतो. वरून काही दिसत नाही. पाणी सोडल्यावर कळतं.

आता कागद. इथे तुमचा व्हिसा थेट आड येतो. मोठ्या बोटीची मालकी दोन ठिकाणी नोंदवता येते: राज्याकडे टायटल काढून (मेरीलँडमध्ये हे काम डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं करतं), किंवा कोस्ट गार्डकडे, ज्याला सगळे डॉक्युमेंटेशन म्हणतात. ५ नेट टन आणि वरच्या बोटींना ते मिळतं आणि कॅटलिना ३० त्यात बसते. नेट टन हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. पण डॉक्युमेंटेशन फक्त अमेरिकी नागरिकाला मिळतं. ग्रीन कार्डही चालत नाही. तेव्हा तुम्ही राज्याकडेच जाल. बोट आज डॉक्युमेंटेड असेल, तर आधी तिचं नाव कोस्ट गार्डच्या नोंदीतून काढावं लागेल, आणि ते नोंदीतल्या मालकाने करायचं असतं. गोची अशी की नोंदीत अजून दात्याचंच नाव असू शकतं, कारण घाईच्या विक्रीत संस्था बोट स्वतःच्या नावावर चढवतेच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधी दोन विक्रीपत्रं हातात बघा: दात्याकडून संस्थेला आणि संस्थेकडून तुम्हाला. डॉक्युमेंटेड बोटीसाठी हा फॉर्म सीजी-१३४० असतो. नोंदीतून नाव काढल्याचं पत्र आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका, आणि ही अट करारात लिहून घ्या.

वेस्ट व्हर्जिनियातल्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरकडून २५ डॉलरला 'ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल' मिळतो. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतो, तसाच हा कागद. त्यात मालकांची साखळी आणि नोंदवलेलं गहाण दिसतं. तरीही एक धोका उरतो. सागरी कायद्यात यार्डाची किंवा धक्क्याची थकबाकी बोटीलाच चिकटते, आणि बोट विकली तरी ती तिच्यासोबत नव्या मालकाकडे येते. त्यामुळे बोट जिथे उभी आहे त्या मरिनाच्या ऑफिसात स्वतः जा आणि बाकी शून्य असल्याचं लेखी मागा. शेवटी ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भागावर) उजवीकडे कोरलेला १२ अक्षरांचा हल क्रमांक (बोटीच्या सांगाड्याचा नंबर) सगळ्या कागदांशी ताडून बघा. एका अक्षराचा फरक असला तरी नोंद अडकते. मेरीलँडचा ५ टक्के एक्साइज कर तुम्हालाच भरायचा आहे. साडेचार हजारावर तो २२५ डॉलर होतो. विकणारी धर्मादाय संस्था आहे म्हणून तो माफ होईल असं धरून चालू नका.

मग बोट. सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) बोलवायच्या आधी स्वतः दोन तास द्या, म्हणजे नापास बोटीवर सर्व्हेचे पैसे जाणार नाहीत. सोबत प्लॅस्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी, विजेरी, छोटा आरसा आणि पांढरे पेपर टॉवेल घ्या.

डेकपासून सुरू करा. डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा असतो. माठ घेताना टिचकी मारून बघतो, तसं दर वीतभर अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे गाभा कोरडा, बद्द आवाज म्हणजे पाणी शिरलंय. रेलिंगचे खांब, विंच (दोर आवळायचं यंत्र) आणि चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या) या जागा आधी ठोका, कारण पाणी स्क्रूच्या भोकांतूनच उतरतं. तळहाताएवढा बद्द भाग दुरुस्त होतो. अर्धा डेक बद्द वाजला तर परत फिरा.

नंतर डोलकाठीचा पाया. या मॉडेलची डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार केबिनमधल्या खांबावरून खाली बिल्जमधल्या लाकडी ठोकळ्यावर येतो. जुन्या कॅटलिना ३० मध्ये हा ठोकळा कुजतो. मग खांब खचतो, वरचा डेक बसतो आणि डोलकाठीच्या बाजूच्या तारा सैल पडतात. याची खूण केबिनमध्येच मिळते: टॉयलेटचं दार उघडून मिटा. ते चौकटीला वरून घासत असेल आणि कडेला ताजं रंधलेलं दिसत असेल, तर कोणीतरी रोगाऐवजी दार दुरुस्त केलंय. तिथेच जमिनीची फळी उचलून ठोकळ्यात स्क्रूड्रायव्हर टोचा.

बोट पाण्याबाहेर काढल्यावर कीलचा (बुडाखालच्या वजनदार पात्याचा) पुढचा सांधा बघा. तिथे हसऱ्या ओठांसारखी आडवी चीर दिसते. तिला सगळे 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. १९८४ च्या बोटीत कील जिथे अडकते त्या भागात प्लायवूड घातलेलं होतं. ते भिजून दबलं की बोल्ट ढिले होतात आणि चीर उघडते. तिच्याखाली सुमारे ४,२०० पौंडांचं शिसं लटकलेलं आहे. केसासारखी चीर, कोरडं बिल्ज आणि स्वच्छ नट असतील तर बोट जमिनीवर असतानाच बोल्ट आवळून चीर इपॉक्सीने भरता येते. चिरेतून पाणी झिरपतंय आणि आतले नट गंजून पापुद्रे सुटलेत, तर ते काम तुमच्या बजेटबाहेरचं आहे.

इंजिन गार असताना सुरू करून बघायचं. पोचल्याबरोबर ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच तापवून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी या. सुरू झाल्यावर मागे एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी फेकलं गेलं पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा इंजिनावर ओझं जास्त येतंय, मग कारण घाणेरडा प्रोपेलर का असेना. पांढरा धूर तापल्यावरही टिकला तर डिझेल पूर्ण जळत नाही किंवा पाणी आत जातंय. त्या काळच्या युनिव्हर्सल डिझेलांची एक खोड जरूर बघा: अल्टरनेटरचा सगळा प्रवाह पॅनेलवरच्या अँपमीटरपर्यंत नेणारी वायर ट्रेलरच्या प्लगसारख्या जोडांतून जाते. हे जोड गंजले की तापून वितळतात. प्लग उघडून बघा. काळे पडले असतील तर जोड काढून वायर सलग करा आणि अँपमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवा. काम एका दुपारचं, पण आगीचा धोका टळतो.

बुडाखालच्या भोकांवरचे सगळे व्हॉल्व्ह हाताने फिरवा. बागेतल्या नळासारखे गोल चाकाचे पितळी व्हॉल्व्ह दिसले आणि खरवडल्यावर धातू गुलाबी निघाला, तर त्यातलं जस्त गेलंय; तो कधीही तुटेल. तारांच्या टोकाच्या दाबलेल्या नळीवरून पेपर टॉवेल फिरवा, तुटका धागा लगेच अडकतो. १५ वर्षांपेक्षा जुन्या तारा बदलायच्याच असं धरा. शिडांचं फार मनावर घेऊ नका, जुनी शिडं एक-दोन हंगाम निभावतात.

एवढ्यात बोट टिकली तर सर्व्हेअर बोलवा, 'सॅम्स' किंवा 'नॅम्स' या सर्व्हेअरांच्या संघटनांचा सदस्य असलेला, आणि तो संस्थेने सुचवलेला नको. फुटाला साधारण २० ते ३० डॉलर, म्हणजे ६०० ते ९००, शिवाय बोट उचलण्याचे काही शे. हा खर्च वाया जात नाही, कारण एवढ्या जुन्या बोटीला विमा कंपनी सर्व्हे मागतेच, आणि मरिना विम्याशिवाय जागा देत नाही. घेण्याआधीच दोघांशी बोलून ठेवा.

हिशोब असा मांडा. धक्क्याचं भाडं वर्षाला साधारण २ ते ४ हजार. तारा यार्डाकडून बदलल्या तर ५ ते ८ हजार. नवं इंजिन बसवायचं झालं तर १५ हजारांच्या पुढे. बोट नकोशी झाली तर मोडीत काढायलाही काही हजार लागतात. म्हणून माझं मोजमाप सोपं आहे: कील, डेक आणि इंजिन या तिघांपैकी एकच आजारी असेल तर त्याचा खर्च वजा करून बोली लावा, दोन आजारी असतील तर फुकट दिली तरी घेऊ नका. तिन्ही धड असतील तर साडेचार हजार हा चांगला भाव आहे. तरी साडेतीनपासून सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये, हिवाळ्याचं भाडं भरायच्या तोंडावर, संस्था लवकर हो म्हणते.

अनामत देताना 'सर्व्हे समाधानकारक नसेल तर परत' ही ओळ लिहून घ्या. काही ठिकाणी, विशेषतः लिलावात, ही अट मान्य होत नाही. तिथे तपासणी बोलीच्या आधीच आटोपायची. सेंट मायकल्सच्या चेसापीक बे मेरीटाइम म्युझियमचा दान आलेल्या बोटींचा लिलाव लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) आधीच्या शनिवारी असतो. घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन दहा-वीस बोटी ठोकून या, कान तयार होतो.

आणि करारातली बोट हलवायची मुदत वाचा. ती थोड्याच आठवड्यांची असते आणि नंतर दिवसाला भाडं लागतं. ही बोट १० फूट १० इंच रुंद आहे, म्हणजे रस्त्याने न्यायची तर डोलकाठी उतरवावी लागते आणि जादा रुंदीचा परवाना लागतो. पाण्यातून नेणार असाल तर आधी टाकीच्या तळाचं डिझेल बरणीत काढून बघा. खाली पाणी किंवा काळा गाळ बसला तर टाकी साफ करून घ्या, दोन सुटे फिल्टर जवळ ठेवा, टोइंगची मेंबरशिप आदल्या दिवशीच काढा, आणि नांगर दोरासकट नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) तयार ठेवा. जुन्या टाकीतला गाळ पहिल्या लाटांना ढवळतो आणि इंजिन बंद पडतं ते नेमकं चॅनेलच्या मध्यावर.