एकटाच पुटपुटतो, म्हणून घाबरलेली आई

"मॅडम, पोरगं एकटंच बोलतंय बगा. डोक्यात काही बिघाड तर नाही ना?" सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी विड्या वळणाऱ्या एक ताई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्गात पुटपुटतो म्हणून बाईंची तक्रार. घरी गप्प बसवलं, की गणित चुकतो आणि पेन्सिल फेकतो.

मी त्याला वजाबाकी दिली, ५२ वजा २७. तोंड मिटून केली तेव्हा उत्तर आलं ३५. मग म्हटलं, "आता हवं तेवढं बोल." तो बोलू लागला. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. मध्येच थबकून म्हणाला, "आगू, आगू... दोनातून सात जात नाहीत." उत्तर बरोबर आलं, २५.

'आगू' म्हणजे थांब. हे कुणाचं, विचारल्यावर ताई चटकन म्हणाल्या, "आमच्या अव्वाचं. रस्ता ओलांडताना त्याचा हात धरून म्हणते."

मला तिथंच गलबलून आलं. आजीनं बाहेरून घातलेला लगाम नातवानं स्वतःच्या हाती घेतला होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३४ च्या सुमारास हेच मांडलं: मोठ्यांचे बोल मूल आधी स्वतःशी मोठ्यानं बोलतं, मग पुटपुटतं, मग ते मनात मुरतात. काम अवघड झालं की ही बडबड वाढते, हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याआधी स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांना ती वयाबरोबर विरून जाणारी बडबड वाटली होती. मला वायगॉट्स्की पटतात, कारण असं 'आगू' मी पुष्कळ मुलांच्या तोंडी, वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय. ते दाबलं, तर मुलाच्या हातातला लगामच आपण काढून घेतो.

मूल हाक मारली तरी भानावर येत नसेल, किंवा कुणीतरी कानात बोलतंय म्हणून घाबरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावंच. इथं तसं काही नव्हतं.

ताईंना एकच काम दिलं. गणित चुकलं तर रागवायचं नाही, विचारायचं, "आत्ता मनात काय चाललं होतं?" पहिले काही दिवस उत्तर "म्हाईत नाही". मग एकदा म्हणाला, "घाई केली. दशक सुटा करायचा राहिला."

वर्गात आता तो नुसते ओठ हलवतो. बाईंनी तेवढी मोकळीक दिलीय. पेन्सिल अजून अधूनमधून उडते. घरी मात्र तो मोठ्यानं बोलतो, आणि अव्वा शेजारी बसून ऐकते.