धडकेनंतर कार सीटचा क्लेम

तुमच्या गाडीला धडक बसून सीटजवळचं दार चेपलं, पण मुलं सुखरूप आहेत हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. आता विम्याचा क्लेम बंद व्हायच्या आत मुलांच्या कार सीटचं (गाडीत मुलांना बसवायच्या सुरक्षा सीटचं) बघा. अमेरिकेची सरकारी रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए सांगते, मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर सीट बदलायचीच. धडक किरकोळ ठरायला पाचही गोष्टी जुळाव्या लागतात: गाडी चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत, कुणालाच इजा नाही, एअरबॅग उघडली नाही, सीटवर दिसण्यासारखं नुकसान नाही. तुमचं तर तेच दार चेपलंय, मग घासाघीस कसली!

सीट उलटी करून लेबलचा फोटो घ्या. मॉडेल नंबर आणि उत्पादनाची तारीख त्यावरच असते. मॅन्युअलमधलं अपघाताबद्दलचं पान ॲडजस्टरला (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्याला) ईमेल करा, नुसतं फोनवर बोलू नका. "सीट दिसायला ठीक आहे ना?" असं विचारलं तर पटकन हो म्हणू नका, आतली चीर वरून दिसत नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, तिथे अपघाताच्या वेळी मूल सीटमध्ये असेल तर ती बदलून देणं कायद्यानेच विमा कंपनीवर आहे. पावतीवरचा सेल्स टॅक्सही मागा.

जुनी सीट मंजुरी येईपर्यंत ठेवा. मग पट्टे कापूनच टाका, नाहीतर कुणीतरी उचलून आपल्या बाळासाठी वापरेल.