वाचकांचे प्रश्न : एकाच वाऱ्याच्या वाटेवरची दोन अंगणे

प्रश्न : माझी मुलगी मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते. जुलैत आम्ही फोंड्याला ओले कपडे चुलीच्या धगीवर वाळवतो, तेव्हा तिच्या अंगणातले कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. मात्र तिथून जवळच असलेल्या क्युर्पिपला गेले की छत्री उघडावी लागते, असे ती सांगते. दोन्ही प्रदेश उष्ण कटिबंधातले आणि समुद्राकाठचे असताना हा फरक का? शिवाय तिकडे दर वर्षी वादळाची धास्ती असते, तशी गोव्यात का नसते?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातली दोन अंगणे एकाच वाऱ्याच्या वाटेवर आहेत, आणि या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. त्याच्याही दक्षिणेला, ३० अंशांच्या आसपास, महासागरावर जास्त दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र असते. त्याला मस्करीन उच्चदाब म्हणतात. तेथून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे डावीकडे वळते व मॉरिशसवर आग्नेयेकडून येते. जून ते सप्टेंबर या काळात हे आग्नेय व्यापारी वारे पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतात, उत्तर गोलार्धात येताच उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्यावर धडकतात. सोमालियाजवळ, जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, हा प्रवाह अरुंद आणि अतिशय वेगवान होतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले.

मग तोच वारा तिकडे कोरडा आणि इकडे ओला का? जुलैत मॉरिशसला हिवाळा असतो. उच्चदाबाच्या क्षेत्रात वरची हवा सावकाश खाली बसत असते, खाली येताना ती तापते व कोरडी होते, आणि समुद्रालगतच्या दमट हवेवर तिचे जणू झाकण बसते. त्यामुळे ढग फार उंच वाढत नाहीत. हाच प्रवाह पुढे हजारो किलोमीटर उबदार समुद्रावरून जाताना बाष्प गोळा करतो, आणि भारतीय उपखंडावर कमी दाब असल्याने त्याला वर चढायला वाव मिळतो. त्यातच गोव्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्री वाट अडवून उभा आहे. वर ढकलली गेलेली हवा थंड होते आणि पाणी सोडते; गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक या चार महिन्यांतच.

क्युर्पिपचे कोडेही डोंगराशीच निगडित आहे. हे शहर बेटाच्या मधल्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. आग्नेयेचा वारा या पठारावर चढताना झाकणाखालच्या उथळ ढगांतूनही सरी पाडतो, आणि पश्चिमेकडे उतरताना तापून कोरडा होतो. म्हणून पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर आपल्या मुलीच्या बाजूला काही ठिकाणी १००० मिलिमीटरही होत नाही. हे पाहायला समुद्रापार जाण्याची गरज नाही. ऐन पावसाळ्यात साखळीहून चोर्ला घाट चढताना काचेवरचे वायपर थांबवता येत नाहीत, समोरचे वळण धुक्यात बुडालेले असते. घाट ओलांडून बेळगावच्या दिशेने उतरले की पावसाचा जोर ओसरत जातो, आणि धारवाडच्या बाजूला तर पिकेही बदललेली दिसतात. फरक इतकाच की आपल्याकडे ओली बाजू पश्चिमेची आहे, मॉरिशसमध्ये पूर्वेची.

मॉरिशसचा खरा पावसाळा जानेवारी ते मार्च. त्या वेळी दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे एकत्र येतात तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो, झाकण सैल होते आणि ढगांना उंची मिळते. वादळाची धास्तीही याच दिवसांतली. चक्रीवादळाला सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार समुद्र तर लागतोच, पण त्याबरोबर खालच्या व वरच्या वाऱ्यांत फार तफावत नसावी लागते. अरबी समुद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये खाली नैर्ऋत्येचा आणि वर पूर्वेचा जोरदार वारा असतो. त्या ओढाताणीत वादळाचा मनोरा उभाच राहत नाही. मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर मात्र वादळे होतात. त्यांपैकी बरीच किनाऱ्यापासून दूर, वायव्येकडे वा पश्चिमेकडे जात असली, तरी मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलेल्या तौक्तेने गोव्यात किती झाडे पाडली आणि किती घरे अंधारात ठेवली, हे आपण अनुभवले आहे. त्यामुळे गोव्याला धास्तीच नको, असे मी म्हणणार नाही.

मॉरिशसमध्ये फेब्रुवारी १९६० मधल्या कॅरोल वादळाने लाकडी आणि गवती घरांची धूळधाण केली, आणि त्यानंतर तिथे सिमेंट काँक्रीटची घरे वाढत गेली. आपल्या मुलीला एक गोष्ट जरूर कळवा. वादळाचा डोळा थेट डोक्यावर आला तर वारा एकाएकी पडतो, क्वचित आकाशही उघडते, आणि लोक छप्पर पाहायला बाहेर पडतात. डोळा पुढे सरकला की वारा तितक्याच जोराने नेमक्या उलट दिशेने येतो. अधिकृत इशारा मागे घेतला जाईपर्यंत तिने दार उघडू नये.