‘पॅसिव्ह’ म्हणजे नेमकी कोणाची शक्ती खर्च होत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना मिळालेल्या कागदावर ‘पीआरओएम ०–९०’ असे लिहिले आहे, शोध घेतला तर त्याच अक्षरांखाली बाळंतपणाची माहिती आली, आणि वैद्यकात ‘पॅसिव्ह’ हा शब्द नेमका कशाकशाला लावतात हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या विषयाच्या विद्यार्थ्यांना शिकवतोही, त्यामुळे हा गोंधळ मला चांगला परिचयाचा आहे.

मराठीत आपण ‘पॅसिव्ह’ला निष्क्रिय म्हणतो आणि तिथेच वाट चुकते, कारण निष्क्रिय म्हटले की काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात क्रिया घडतेच. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे त्याची स्वतःची शक्ती मात्र तिच्यासाठी खर्च होत नाही. म्हणून हा शब्द दिसला की तो स्नायूविषयी आहे, पेशीविषयी आहे की प्रतिकारशक्तीविषयी, हे आधी पाहावे.

आपल्या कागदावरचा अर्थ स्नायूंचा आहे. ‘आरओएम’ म्हणजे सांधा किती अंशांपर्यंत हलतो ती मर्यादा. रुग्णाने स्वतः हलवला तर ‘एआरओएम’, थोडा आधार घेऊन हलवला तर ‘एएआरओएम’ आणि दुसऱ्याने हलवला तर ‘पीआरओएम’, म्हणजेच ‘पॅसिव्ह’ आरओएम. मी एक हात गुडघ्याखाली आणि दुसरा घोट्याजवळ धरून पाय सावकाश वाकवतो, तेव्हा रुग्णाने पाय पूर्ण सैल सोडायचा असतो. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. बहुतेक जण नकळत मदत करतात किंवा दुखेल या भीतीने पाय आखडतात, आणि मांडीचा स्नायू ताठ झालेला माझ्या तळहाताला लगेच कळतो. त्या क्षणी ती हालचाल ‘पॅसिव्ह’ राहिलेली नसते आणि तेव्हा मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो.

‘एआरओएम’ आणि ‘पीआरओएम’ हे दोन आकडे वेगवेगळे का मोजायचे, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. खांदा दुसऱ्याच्या हाताने पूर्ण वर जातो पण स्वतःहून जात नाही, तर दोष बहुधा स्नायू, स्नायुबंध किंवा मज्जातंतूत असतो. दोन्ही प्रकारे अडतो, तर सांधाच आखडलेला असण्याची शक्यता अधिक. ‘फ्रोझन शोल्डर’मध्ये असेच होते. यंत्रे वापरण्याआधी केवळ दोन हातांनी इतका उलगडा होतो.

आता बाळंतपणाविषयी. प्रसूतिशास्त्रात ‘पीआरओएम’ म्हणजे कळा सुरू होण्यापूर्वीच पाणमोट फुटणे. त्याचा ‘पॅसिव्ह’शी काहीही संबंध नाही. अशी जुळी लघुरूपे पुष्कळ आहेत. ‘सीपीएम’ म्हणजे सांधा सतत हलवत ठेवणारे यंत्र, आणि तेच सर्दीवरच्या क्लोरफेनिरामाइन मॅलिएट या औषधाचेही लघुरूप आहे. ‘पीएलआर’ म्हणजे आडवे झोपलेल्या रुग्णाचे पाय सुमारे ४५ अंशांपर्यंत उचलून, पायांतले साधारण ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे वळल्यावर रक्ताभिसरण सुधारते का ते पाहणे. मेंदूच्या तपासणीत मात्र त्याच अक्षरांचा अर्थ उजेडाने बाहुली आकसण्याची प्रतिक्रिया असा होतो. कागद कोणत्या विभागातला आहे हे पाहिल्याशिवाय लघुरूप वाचूच नये.

पेशीच्या पातळीवर ‘पॅसिव्ह’ म्हणजे ‘एटीपी’ हे पेशीचे इंधन न जाळता होणारे वहन. विसरण आणि परासरण हे शब्द आपण शाळेत शिकलेलो असतो. फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तात जातो तो विसरणानेच, कारण तिथे त्याचा दाब रक्तातल्यापेक्षा अधिक असतो. शांतपणे सोडलेला श्वासही ‘पॅसिव्ह’ असतो, कारण ताणलेले फुप्फुस आपोआप आकसते. दम्याच्या झटक्यात मात्र तोच उच्छ्वास पोटाचे स्नायू लावून करावा लागतो आणि रुग्ण थकून जातो. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, तोही गाळणीच्या पेशींनी शक्ती न लावता. त्यासाठी लागणारा दाब हृदय पुरवते.

प्रतिकारशक्तीत ‘पॅसिव्ह’ म्हणजे प्रतिपिंडे आयती मिळणे. जखमेनंतर धनुर्वाताची ‘टीआयजी’, म्हणजे तयार प्रतिपिंडांची सुई, देतात ती अशीच. तिचा परिणाम लगेच होतो, पण काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून गरजेनुसार सोबत लसही देतात. बाळाला आईकडून वारेतून ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मिळतात, त्यालाही ‘पॅसिव्ह’ प्रतिकारशक्ती म्हणतात. गंमत अशी की ती वारेपार नेताना तिथल्या पेशी स्वतःची ऊर्जा खर्च करतात; म्हणजे प्रतिकारशक्ती ‘पॅसिव्ह’, पण तिची वाहतूक ‘ॲक्टिव्ह’.

आपल्या कागदावरील ‘०–९०’चा अर्थ सरळ पायापासून काटकोनापर्यंत असा आहे. मात्र तो त्या दिवशी मोजलेला आकडा आहे, की त्यापुढे गुडघा वाकवू नये अशी शल्यचिकित्सकांनी घातलेली मर्यादा आहे, हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. मोजमाप असेल तर पुढे वाढवत न्यायचे असते, मर्यादा असेल तर ९० अंशांवर थांबायचे असते. म्हणून घरी व्यायाम देण्यापूर्वी एवढे एक त्यांनाच विचारून घ्यावे.