कोळसा वायू ‘शोषतो’ की ‘धरतो’?

खानापूरहून एका शिक्षिकेनं विचारलंय: प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी ‘सच्छिद्र कोळसा कार्बन डायऑक्साइड शोषतो’ असं लिहिलं, परीक्षकांनी ‘शोषण’ खोडून ‘अधिशोषण’ केलं. एवढा फरक आहे का?

आहे. परीक्षकांचं चुकलं नाही, पण तो शब्द मुलांच्या डोक्यावरून गेला असणार.

सोड्याच्या बाटलीत हाच वायू पाण्यात सगळीकडं विरघळलेला असतो, ते शोषण. कोळशात तो मुरत नाही. छिद्रांच्या भिंतींना नुसता चिकटतो. हा भेद दाखवायला जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश कायझर यांनी 1881 मध्ये ‘ॲब्सॉर्प्शन’मधल्या ‘ॲब’च्या जागी ‘ॲड’ घातलं. आपल्या ‘अधि’चं कामही तेच.

‘पृष्ठशोषण’ असाही शब्द आहे. मला तो बरा वाटतो, कारण चिकटायचं कुठं ते तो सांगतो. खोच एवढीच की ‘पृष्ठ’ म्हटलं की बाहेरची बाजू डोळ्यांपुढं येते, आणि इथं सगळा मामला आतला आहे. करवंटीचा कोळसा वाफेत लालभडक तापवून ‘सक्रिय’ केला, की 1 ग्रॅममध्येच 1000 चौरस मीटरच्या आसपास पृष्ठ तयार होतं. म्हणजे चिमटीभर भुकटीत दहा गुंठे! कार्बन डायऑक्साइडचा रेणू जेमतेम 0.33 नॅनोमीटरचा. छिद्र 1 नॅनोमीटरहून अरुंद असलं, की समोरासमोरच्या दोन्ही भिंती त्याला ओढतात, म्हणून तिथं तो चांगला टिकतो. रासायनिक बंध मात्र जुळत नाही. कोळसा तापवला किंवा दाब उतरवला की वायू सुटतो, कोळसा पुन्हा कामाला तयार.

आता क्रियापद. निपाणीच्या तंबाखू वखारीतून आलेल्या माणसाचा सदरा वास ‘धरतो’ आणि उन्हात टाकला की ‘सोडतो’. ही जोडी आपल्या तोंडात आयती आहे, मग उपसर्ग कशाला शोधायचे? (भिंतही ओल धरते आणि ते शोषण, हे मान्य. बोलीभाषा प्रयोगशाळेला विचारून चालत नाही.) आपल्याकडची मुलं कन्नडही बोलतात. त्यांना ‘हीरिकोळ्ळु’ आणि ‘अंटिकोळ्ळु’, म्हणजे शोषून घेणं आणि चिकटणं, एवढं म्हटलं तरी फरक कळेल.

तक्त्यावर लिहा: ‘कोळसा छिद्रांच्या भिंतींवर कार्बन डायऑक्साइड धरतो, तापवल्यावर सोडतो.’ खाली बारीक अक्षरात ‘पृष्ठशोषण’. परीक्षकही खूश.