युद्धकाळात स्कॉटलंडच्या खेड्यांत धाडलेल्या मुलांना त्या दिवसांतले काय आठवते?

दुसऱ्या महायुद्धात शहरांतून स्कॉटलंडच्या खेड्यांत पाठवलेल्या मुलांच्या मनात खरोखरच हिरवी कुरणे आणि ताजे दूध एवढेच उरले आहे का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे ग्लासगोजवळ राहतो आणि ज्येष्ठांच्या एका साप्ताहिक मेळाव्यात चहा देण्याचे काम करीत असे. तेथे ग्लासगोलगतच्या क्लाइडबँक शहरातल्या एका आजींकडून जे ऐकले, त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधीच, ही पाठवणी सुरू झाली आणि एकट्या ग्लासगोतून तीन दिवसांत सुमारे १,२०,००० मुले बाहेर पडली. आजी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातला गॅस मास्क आणि सोबत आई, थोरला भाऊ व तान्हे बाळ, अशा थाटात त्या पर्थशर या ग्रामीण परगण्यातल्या एका गावी उतरल्या. इंग्लंडमधील पुष्कळ मुले शिक्षकांबरोबर गेली. स्कॉटलंडमध्ये मात्र आयाही मोठ्या संख्येने मुलांसोबत गेल्या, आणि माझ्या मते तिथल्या आठवणी वेगळ्या होण्याचे मुख्य कारण हेच आहे. गावच्या सभागृहात यजमान मंडळी मुले निवडू लागली तेव्हा शेतकामाला उपयोगी पडतील असे धट्टेकट्टे मुलगे आधी गेले; तीन लेकरांची आई कोणालाच नको होती, त्यामुळे हे कुटुंब अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहिले.

एकट्या मुलाला ठेवून घेणाऱ्या घराला सरकार सुरुवातीला आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स देत असे. आईसह आलेल्या कुटुंबाला मात्र फक्त निवारा मिळे आणि त्यासाठी यजमानांना आईमागे ५ शिलिंग, मुलामागे ३ मिळत. म्हणजे स्वयंपाक आईनेच करायचा, तोही परक्या बाईच्या चुलीवर आणि तिचे आवरून झाल्यावर. आजींना कुरणांपेक्षा ठळक आठवत होता तो त्या स्वयंपाकघरातला अबोला. गावकरी शहरी मुलांना उवा आहेत, ती अंथरूण ओले करतात म्हणून नाके मुरडत, आणि त्या तक्रारी सर्वस्वी खोट्याही नव्हत्या. पण दाटीवाटीच्या चाळीत का होईना, जिन्यावर पाण्याचा सामाईक संडास आणि रस्त्यावर दिवे पाहिलेल्या या मुलीला अंगणापलीकडच्या खोपटातला संडास आणि गावातला मिट्ट काळोख यांचीच धडकी भरत असे. (हे सांगताना ऐंशीच्या घरातल्या आजी लाजल्या होत्या.)

नाताळपर्यंत त्या घरी परतल्या. त्या काही अपवाद नव्हत्या. बॉम्ब पडले नव्हते, वडील एकटे होते आणि आईला आपली चूल हवी होती, अशा कारणांनी बहुतेक कुटुंबे तोवर परत आली होती. मग १३ आणि १४ मार्च १९४१ च्या रात्री जहाजबांधणीच्या क्लाइडबँकवर बॉम्बवर्षाव झाला, शहरातील ५२८ माणसे मेली आणि जेमतेम काही घरे धड उरली. आजींचे घर उरले नाही.

दुसऱ्या खेपेला आई बाळासह नातेवाइकांकडे राहिली आणि दोघा भावंडांनाच एका शेतावर धाडण्यात आले. आपल्याला अपेक्षित असलेले दूध, कोंबड्या आणि ऑक्टोबरमध्ये शाळेला सुट्टी देऊन केलेली बटाट्यांची वेचणी, हे सारे त्या दुसऱ्या मुक्कामातले आहे. तिथल्या मालकीणबाईंना आजी पुढे कित्येक वर्षे नाताळाला कार्ड पाठवीत. आपल्या जेवणाखाण्याचे पैसे त्या बाईंना दर आठवड्याला टपाल कचेरीतून मिळत होते, हे आजींना लग्नानंतर केव्हातरी कळले. त्यावर त्या मला म्हणाल्या, “कार्ड पाठवणं काही थांबवलं नाही मी, पण त्या वर्षी ते जरा उशिरा गेलं.”