दारूबद्दलच्या ऑनलाइन कोर्सने कॉलेजच्या मुलांवर काही परिणाम होतो का?

पहिल्या वर्षाला सक्तीचा केलेला हा कोर्स म्हणजे नुसता सोपस्कार आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत एका कॉलेजात एनएसएसचं काम बघतो. बरीच पोरं व्हिडिओ म्यूट करून 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटतात आणि उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, हे खरंच आहे.

तरी अगदीच पाण्यात जात नाही. अमेरिकेत 'अल्कोहोल-एज्यू' नावाचा असाच कोर्स 30 कॉलेजांत तपासला होता. 2011 साली आलेले निष्कर्ष असे, की पहिल्या सत्रात पिणं कमी झालं, पण दुसऱ्या सत्रात तो फरक उरला नाही. म्हणजे जुलैतला कोर्स फार तर गटारीला पुरणार, थर्टी फर्स्टला नाही. डिसेंबरात, फेस्टच्या आधी, उजळणी हवीच.

लिव्हरचे फोटो दाखवून विशीतलं पोरगं घाबरत नाही. हिशेब मांडला की मात्र कान टवकारतात. 'बिअरच तर घेतली' म्हणणाऱ्याकडून गणित करून घ्या: 650 मिलीची बाटली, 8 टक्के स्ट्राँग, म्हणजे साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये 10 ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार पेग झाले की! शरीर ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटतं. बाराला संपवलेली बाटली पहाटेच्या पहिल्या लोकललाही थोडी अंगात असू शकते. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही ती लवकर उतरत नाही.

दुसरा मुद्दा 'सगळेच पितात' या समजाचा. वर्गात नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या आणि आकडा तिथल्या तिथे फळ्यावर मांडा. मुलांचा अंदाज बहुतेक वेळा खऱ्या आकड्याच्या वर असतो.

परदेशी कोर्स जसाच्या तसा उचलला असेल तर त्यात वय 21 सांगतात. आपल्याकडे बिअर-वाइनला 21, व्हिस्की-रमला 25, वर परवाना. एवढं तरी बदलून घ्या. मित्र बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करायचा, हेही त्यात हवं.

आणि कॉलेजला आधी एक विचारा: मुलांनी भरलेली उत्तरं नावानिशी ऑफिसात दिसतात का? दिसत असतील तर 'मी कधीच पीत नाही' याखेरीज कोणी काही लिहिणार नाही.